दाम दिले, ऋण फिटले काय?

उपाहारगृहातून बाहेर पडणारा मनुष्य गल्ल्यावर पैसे मोजून देतो आणि त्या घराशी आपला संबंध तेथेच संपला असे समजतो. देणेघेणे पुरे झाले. कोणाचे कोणाकडे काही राहिले नाही. व्यवहार म्हणून हे चोख आहे. परंतु ज्या समाजाने अन्नाला ब्रह्म मानले, ज्याचे वाडवडील पानाभोवती पाणी फिरविल्यावाचून पहिला घास उचलीत नसत, त्या समाजातील माणसांनी तरी हा हिशेब एकदा पुन्हा मांडून पाहावा, असे आम्हांस वाटते. अन्नाचे दाम दिले म्हणजे अन्नाचे ऋण फिटते काय? प्रश्न जुना आहे. पण आमच्यापुढे तो अलीकडे एका अगदी नव्या ठिकाणी उभा राहिला, म्हणून त्या ठिकाणाविषयी प्रथम चार शब्द सांगितले पाहिजेत.

पणजीच्या एका आडगल्लीत काही दिवसांपूर्वी एक लहानसे चिनी उपाहारगृह उघडले. मेजे सहा, वाढणारा एक आणि आत स्वयंपाकघरात दोघे. तेथे मिळतात ते 'दिम सम', म्हणजे दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील, ज्याला आपण कॅन्टनचा मुलूख म्हणत आलो त्या भागातील, वाफवलेले व तळलेले लहान लहान पदार्थ. कॅन्टनी भाषेतील ह्या शब्दाचा अक्षरशः अर्थ 'हृदयाला किंचित स्पर्श' असा सांगतात. कॅन्टन आणि हाँगकाँग येथे लोक सकाळी चहागृहात जातात, त्या जाण्याला 'याम छा', म्हणजे 'चहा पिणे', एवढेच नाव आहे. चहा मुख्य, त्याच्या जोडीला बांबूच्या करंड्यांतून तीन-तीन, चार-चार नग येतात. करंडी मेजाच्या मधोमध ठेवावयाची आणि सर्वांनी तिच्यातून घ्यावयाचे. सुटीच्या दिवशी आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे घर एका मेजाभोवती बसलेले तेथे दिसते.

गोमंतकाला चीनचे ते टोक अगदीच परके नाही. १५५७ च्या सुमारास पोर्तुगीज लोक मकाव येथे स्थिरावले, आणि १८४४ पर्यंत त्या वसाहतीचा कारभार गोव्यातील सत्तेच्या अधीन होता. १९९९ च्या डिसेंबरात मकाव चीनकडे परत गेले. मधल्या शतकांत चिनी रेशीम आणि चिनी मातीची भांडी गोव्याच्या बंदराला लागत. त्या मालाचे दाम व्यापाऱ्यांनी चुकते केले असतील. परंतु भांडे घडविणारा हात आणि भट्टीपाशी जागविलेली रात्र ह्या गोष्टी कोणत्याही खरेदीखतात मावत नसतात. दाम आणि ऋण ह्यांतील अंतर येथूनच दिसू लागते.

ते अंतर ह्या दिम समच्या एकेका नगात किती आहे, ते पाहण्यासारखे आहे. 'हार गाऊ' नावाचा त्यांतील एक प्रकार फार नावाजलेला. आत कोळंबीचे सारण, आणि बाहेर इतकी पातळ पारी की शिजल्यावर आतला गुलाबी रंग तिच्यातून दिसावा. पारीला लागते गव्हाचे सत्त्व, ज्या चिकापासून देशावर कुरडया होतात तेच. त्यात टॅपिओकाचे पीठ मिसळतात. आपला उपवासाचा साबुदाणाही त्याच कंदाचा. ह्या पिठावर कढत पाणी ओतून ते घाईघाईने घोटतात व मळतात. मोदकांसाठी उकड काढणाऱ्या कोणत्याही गृहिणीला हे पाहून आपल्याच चुलीची आठवण होईल; उकड गार झाली की पारी चिरते, हे तिला शिकवावे लागत नाही. पुढे तेल लावलेल्या रुंद सुरीच्या पात्याने गोळी दाबून चकती करावयाची, सारण घालावयाचे, आणि एका बाजूने चुण्या घालीत तोंड मिटवावयाचे. चांगल्या कारागिराच्या नगाला सात ते दहा, कधी त्याहूनही अधिक चुण्या असतात. मग वाफेवर काही मिनिटे. वाफ जास्त झाली तर पारी फाटते, कमी झाली तर कच्ची राहते.

इतके सारे झाल्यावर खाणारा तो नग एका घासात खातो, आणि बहुधा बोलता बोलता खातो. चतुर्थीच्या दिवशी आपल्या घरांत हेच घडते. पहाटेपासून नारळ खवणे, चून शिजविणे, उकड काढणे, एकेका मोदकाच्या कळ्या उचलणे चालते, आणि पानावर तो मोदक दोन घासांत संपतो. श्रम आणि उपभोग ह्यांचे प्रमाण इतके विषम असते तेव्हा देणाऱ्याने नेमके काय दिले आणि घेणाऱ्याने काय घेतले, हा प्रश्न सहज मनात येतो.

आम्ही चौघे श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी तेथे गेलो होतो. चौघेही देवळाच्या सेवेतले. गोव्याच्या सारस्वत घरांत मासळी वर्ज्य नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु सोमवारची आणि श्रावणाची मर्यादा त्यांपैकी पुष्कळ घरे पाळतात. त्यामुळे कोळंबीचा प्रश्नच नव्हता. आमच्यातील वडीलधारे, ज्यांना सारे 'भाऊ' म्हणतात, ते बाहेरचे शिजलेले अन्न घेत नाहीत. ते केवळ सोबतीला आले, चहा घेतला, आणि आपला नेम कोणासही न टोचता पाळला. बाकीच्यांनी पदार्थांची यादी वाचून मुळ्याच्या वड्या मागविल्या. मुळा आणि तांदळाचे पीठ. नावात तरी आक्षेप घ्यावा असे काही नव्हते.

वाढणारा मुलगा आत गेला, आणि थोड्याच वेळात आचारी स्वतः हात पुसत बाहेर आला. मनुष्य दार्जिलिंगकडचा, कोलकात्याच्या चिनी उपाहारगृहांत हात बसलेला. तो हिंदीत जे बोलला त्याचा भाव असा : "काका, मुलाने सांगितले की गंध लावलेली मंडळी आहेत, म्हणून विचारायला आलो. ह्या वड्यांत सुकी कोळंबी असते. नावात नाही, पण आत आहे. तुम्हांला आज चालणार नाही." मागोमाग त्याने हेही सांगितले की, उकडलेल्या पालेभाजीवर जो काळसर रस घालतात तो कालवांचा असतो. अळंब्यांचे नग तेवढे निखळ भाजीचे आहेत. हवे असल्यास ते तो वेगळ्या करंडीत, वेगळ्या पाण्यावर वाफवून देईल. त्याने तसे केले. वेळ थोडा अधिक लागला. अळंबी चांगली होती.

बिल आले त्यात अळंब्यांचे नग होते, चहा होता. आचाऱ्याने सांगितलेले सत्य त्यात नव्हते. आमच्या दृष्टीने त्या सकाळची सर्वांत मोलाची वस्तू तीच होती, आणि नेमका तिचाच आकार लावलेला नव्हता. तो गप्प राहिला असता तर एक करंडी अधिक खपली असती. आणि व्रत मोडल्याचे आम्हांस कदाचित कधी कळलेही नसते. वेष्टनात बांधलेल्या मालावर हिरवी खूण छापण्याची सक्ती कायद्याला करता येते. परंतु सहा मेजांच्या उपाहारगृहात, वाफेने भरलेल्या स्वयंपाकघरात, कोणत्या पिठात काय पडले, ह्याला आचाऱ्याच्या शब्दावाचून दुसरा साक्षीदार नाही. जो मनुष्य बाहेर जेवतो तो प्रत्येक वेळी अनोळखी माणसाच्या प्रामाणिकपणावर आपले व्रत, आपले आरोग्य आणि काही अंशी आपले प्राणही सोपवीत असतो. हा विश्वास विकत घेता येत नाही. तो कोणी पाळला तर पाळला.

ह्यावर कोणी म्हणेल की, आचारी धंद्यासाठीच खरे बोलला; नवे उपाहारगृह आहे, नाव राखावयाचे आहे. असेलही. माणसाचे हेतू सहसा मिश्रच असतात आणि ते सोलून पाहण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु धंद्याचा हिशेब दोन्ही बाजूंनी करता येतो. गप्प राहण्यातही नफा होता, आणि तो त्याच दिवशी पदरात पडणारा होता. दोन नफ्यांपैकी खरेपणाचा नफा त्याने निवडला, ही निवड पुन्हा दामाच्या बाहेरचीच आहे.

मात्र खरा बळकट पूर्वपक्ष वेगळाच आहे, आणि तो आम्हां देवळाच्या माणसांनी मान वर करून ऐकला पाहिजे. दाम देऊन अन्न घेण्यात एक मोठे नैतिक मोल आहे. जेथे अन्न नात्याने, कृपेने आणि रिवाजाने मिळत होते, तेथे कोणाचे पान कोठे मांडावयाचे हे जन्माने ठरत असे. कोणी आतल्या पंक्तीत, कोणी ओसरीवर, कोणी अंगणात, आणि कोणाला पंगत उठल्यावर उरलेले. ज्याला उरलेले मिळे त्याच्याकडूनच अन्नदात्याच्या उपकारांची जाणीव सर्वांत अधिक अपेक्षिली जाई. पुढे शहरांत खाणावळी निघाल्या, त्यांनाही कित्येक ठिकाणी जातीच्या पाट्या होत्या.

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेने पंधराव्या अनुच्छेदात सांगितले की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान ह्या कारणांवरून दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले येथील प्रवेशास आडकाठी करता येणार नाही. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९५५ च्या अस्पृश्यताविषयक कायद्याने असा प्रवेश नाकारणे हा शिक्षेस पात्र गुन्हा ठरविला. गल्ल्यावर ठेवलेल्या नाण्याला जात विचारण्याचा अधिकार कायद्याने कोणासही ठेवला नाही. दाम देणारा मनुष्य कोणाचा आश्रित नसतो. तो ताठ बसून जेवू शकतो. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ऋणाच्या नावाखाली वाकविले गेले, त्यांना 'दाम दिले, ऋण फिटले' हे वाक्य सुटकेचे वाटले तर त्यात नवल नाही. त्यांच्यापुढे अन्नऋणाचे प्रवचन झोडणे म्हणजे जुने जोखड नव्या शब्दांत त्यांच्या मानेवर ठेवणे होय.

हा पूर्वपक्ष आम्ही मान्य करतो, आणि मान्य करूनही म्हणतो की प्रश्न संपलेला नाही. दाम अधिकाराचा हिशेब पुरा करते. दाम दिल्यावर बसण्याचा, मागण्याचा आणि जे मागितले ते नीट मिळण्याचा अधिकार निर्विवाद येतो. त्यात आचाऱ्याने उपकार केले असे काही नाही. परंतु अधिकाराच्या पलीकडे जे मिळते त्याचा हिशेब दामाने होत नाही. ऋण म्हणजे उपकाराखाली वाकणे, हा अर्थ माणसांनी आपल्या सोयीसाठी त्या शब्दाला चिकटविला. शास्त्रकारांच्या मनातील ऋण त्याहून वेगळे आहे.

गृहस्थाच्या घरात पाच वधस्थाने असतात असे स्मृतिकारांनी म्हटले आहे. चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. ह्या पाचांपाशी नकळत जीवहत्या होते, म्हणून पंचमहायज्ञ करावयाचे. ह्याचा अर्थ सरळ आहे. स्वतःच्या घरचे, स्वतःच्या कष्टाचे, अगदी शुद्ध शाकाहारी अन्नसुद्धा ऋणावाचून पानावर येत नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, जे मिळाले त्यातून काही न देता खाणाऱ्याला चोर म्हटले आहे. त्याने दाम दिले होते की नाही, ही चौकशी तेथे नाही. पानाभोवती चित्राहुती घालणारा मनुष्य कोणा एका व्यक्तीपुढे वाकत नव्हता. आपल्या घासामागे आपण न पाहिलेले पुष्कळ कोणी आहेत, एवढे तो स्वतःला बजावीत होता.

आणि येथे आपल्या घरांकडेही वळून पाहणे भाग आहे. उपाहारगृहात दाम दिले म्हणून आपण ऋण विसरतो, असे म्हणावे, तर घरी दाम द्यावे लागत नाही म्हणून आपल्याला ते आठवते काय? चतुर्थीच्या पंगतीत मोदकांची संख्या मोजणारे पुष्कळ असतात. शेवटच्या पानाला बसणारीचा मोदक निवलेला असतो, हे किती जणांच्या ध्यानात येते? देवळाच्या स्वयंपाकघरात समाराधनेच्या दिवशी पहाटेपासून धुरात उभ्या राहणाऱ्यांकडे प्रसाद घेणारे किती जण एकदा तरी पाहतात? एका ठिकाणी पैसा ऋण झाकतो, दुसऱ्या ठिकाणी नाते किंवा भक्ती ते झाकते. झाकणे दोन, पण त्यांखाली विसर एकच आहे.

मग ऋणाची जाणीवही राहावी आणि कोणाची मानही वाकू नये, हे कसे साधावे? कॅन्टनी चहागृहांतील एक रीत ह्या बाबतीत मार्मिक आहे. शेजारच्याने आपल्या पेल्यात चहा ओतला की, बोलणे न थांबविता दोन बोटे वाकवून मेजावर हलकेच टेकवावयाची, हेच आभार. ह्या रीतीची एक दंतकथा सांगतात. १७३५ ते १७९६ ह्या काळात राज्य करणारा छ्यानलुंग बादशहा वेष पालटून दक्षिणेत फिरत असता एका चहागृहात बसला आणि त्याने सोबतच्या सेवकाच्या पेल्यात स्वतः चहा ओतला. बादशहाने दिलेले घेताना साष्टांग नमन करावयाचे. पण नमन करावे तर बादशहाचे गुपित फुटणार. तेव्हा सेवकाने बोटे वाकवून मेजावर टेकवली, जणू ती बोटेच गुडघे टेकीत होती.

कथा खरी असो वा नसो, तिच्यात आमच्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. त्या चहागृहात कोणीच कोणाला ओळखत नव्हते. वेषांतरामुळे राजा आणि सेवक दोघेही केवळ गिऱ्हाईक झाले होते. दामाने येणारी समता ती हीच. सेवकाने ती समता मोडली नाही, आणि कृतज्ञताही सोडली नाही. नमन इतके लहान केले की ते कोणाच्याही प्रतिष्ठेच्या आड येऊ नये, आणि इतके खरे ठेवले की ज्याला कळावयाचे त्याला कळावे. चित्राहुतीचे पाणी आणि मेजावरची दोन बोटे ह्यांत आम्हांस एकच शहाणपण दिसते.

आता हे ऋण फेडावयाचे कसे? बक्षिसी ठेवून ते फिटत नाही. तीही अखेर दामच. शास्त्रांनी ऋणांची जी व्यवस्था सांगितली तिच्यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पितृऋण पित्याला परत देऊन फिटत नाही. ते संतती वाढवून, म्हणजे पुढच्याला देऊन फिटते. ऋषिऋण अध्ययनाने फिटते, आणि शिकलेले पुढे शिकवले तरच ते अध्ययन टिकते. अन्नाचे ऋणही त्याच जातीचे आहे, असे आम्हांस वाटते. ज्या आचाऱ्याने आमचे व्रत राखले, त्याला तीच वस्तू आम्ही परत देऊ शकत नाही. तो आमच्या पंक्तीला कदाचित कधीच येणार नाही. पण आमच्या घरी, आमच्या देवळाच्या अन्नछत्रात, आमच्या समारंभात दुसरे कोणी येईल. कोणाला कांदालसूण वर्ज्य असेल, कोणाला वैद्याने साखर वर्ज्य केली असेल, कोणी दुसऱ्या धर्माचा असेल आणि त्याचे निर्बंध आपल्याला चमत्कारिक वाटतील. त्याने न विचारता आपण बाहेर येऊन त्याला खरे सांगावे. "एवढ्याने काय होते" असे म्हणून त्याच्या पानात वाढू नये. ऋण फेडण्याची जागा ही.

आणि ज्या नव्या उपाहारगृहात आपण जेवलो त्याच्याविषयी बोलताना न्याय राखावा, हाही त्याच फेडीचा एक भाग. पूर्वी एखाद्या खाणावळीची कीर्ती किंवा अपकीर्ती गल्लीपुरती असे. हल्ली जेवण उरकण्यापूर्वीच भ्रमणध्वनीवर ताऱ्यांच्या संख्येने निकाल दिला जातो, आणि तो निकाल सर्वत्र वाचला जातो. सहा मेजांच्या धंद्याला उघडल्यावर पहिल्या महिन्यात मिळालेले चार वाईट शेरे पुरेसे होतात. खोटी स्तुती करावी, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पारी फाटली असेल तर फाटली म्हणावे; पण ते आधी ज्याने ती लाटली त्याला म्हणावे, आणि त्याला सुधारण्यास अवधी द्यावा. ज्याने आपल्याशी खरे बोलण्यासाठी स्वयंपाकघर सोडले, त्याच्याशी खरे बोलण्यासाठी आपण दोन पावले चालावी, हे अवघड नाही.

तेव्हा दाम पुरते द्यावे, घासाघीस न करता द्यावे, आणि ते देताना ताठ मानेने द्यावे. तो आपला अधिकार आहे आणि पुष्कळांच्या पूर्वजांना तो नव्हता. परंतु उठताना एवढे स्मरणात ठेवावे की गल्ल्यावर जे चुकते झाले त्याहून थोडे अधिक आपण घेतलेले आहे. ते त्या घरी फिटत नाही. आपल्या पंक्तीला येऊन बसेल त्या अनोळखी माणसापाशी ते फेडावयाचे आहे.